तिची भीती तिच्यापासून काढून घेऊ नका

मुलांसाठी थोरांची चरित्रं लिहिणाऱ्या, ती छापणाऱ्या आणि शाळेत सांगणाऱ्या सर्वांस,

सप्रेम नमस्कार.

मी आमच्या गावच्या वाचनालयात दर शनिवारी मुलांना गोष्टी सांगते. अकरा वर्षं झाली. माझ्या तासाला येणारी सातवीतली एक मुलगी गेल्या वर्षी शाळेच्या वेशभूषा स्पर्धेत जोन ऑफ आर्क झाली होती, पंधराव्या शतकात इंग्रजांशी लढलेली आणि पुढे जिवंत जाळली गेलेली फ्रान्सची मुलगी. खोक्याच्या पुठ्ठ्याचं चिलखत, त्यावर चंदेरी कागद, हातात काठीला बांधलेला पांढरा झेंडा. वेणी कापू द्यायला घरचे तयार नव्हते, म्हणून ती गुंडाळून टोपीत खोचलेली. तिला पाठ करायला दिलेल्या ओळींचा शेवट असा होता : 'आणि मी हसत हसत ज्वालांना कवटाळलं!' टाळ्या पडल्या. खाली उतरल्यावर ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, भाजताना हसू कसं येईल?"

त्या रात्री मी वाचनालयातल्या जोनवरच्या सगळ्या पुस्तिका काढून बसले. 'अग्निदिव्य', 'हसतमुखाने', 'आत्मार्पण' हे शब्द बहुतेक सगळीकडे होते. कुणा एका लेखकाला बोल लावायला मी हे पत्र लिहीत नाही. मी स्वतःही कित्येक वर्षं ही गोष्ट अशीच सांगत आले. पण त्या मुलीला उत्तर द्यायचं म्हणून मी जोनच्या खटल्याचे कागद वाचायला घेतले आणि त्यानंतर मला तशी सांगता येईना. म्हणून तुम्हा सर्वांना ही विनंती.

30 मे 1431. फ्रान्समधलं रुआँ शहर, इंग्रजांच्या ताब्यातलं. सकाळी दोन धर्मगुरू कोठडीत आले आणि आज तुला जाळणार आहेत असं त्यांनी तिला सांगितलं. त्यांतल्या एकाने पुढे चौकशीत जबानी दिली की ती मोठ्याने रडू लागली, केस ओढू लागली. माझं हे शरीर आज जळून राख होणार का, म्हणाली. असं जाळण्यापेक्षा माझं डोकं सात वेळा उडवलंत तरी चालेल, म्हणाली. एकोणीस वर्षांची होती ती. बाजारचौकात चितेवर चढताना तिने क्रूस मागितला, तेव्हा एका इंग्रज शिपायाने काठीचे दोन तुकडे जोडून तो करून दिला. तो तिने अंगावरच्या कपड्यात, छातीशी धरला. जवळच्या चर्चमधून मोठा क्रूस आणवून तिच्या नजरेसमोर उंच धरायला सांगितला. येशूचं नाव घेत घेत ती गेली. राख सीन नदीत टाकली.

यात हसणं कुठे आहे?

आपल्या भाषेत बाई आणि आग एकत्र आली की काही शब्द आपोआप पेनातून उतरतात, असं मला वाटू लागलं आहे. सीतेचं अग्निदिव्य, चितोडचा जोहार, सती. या शब्दांत आग बाईच्या मर्जीची असते, निदान तसं म्हणायची रीत आहे. जोनच्या बाबतीत लाकडं दुसऱ्यांनी रचली होती. त्याआधी पाच महिने विद्यापीठात शिकलेल्या माणसांनी कागदावर कागद लिहून ती रचायची तयारी केली होती. 'अग्निदिव्य' म्हटलं की ती सगळी माणसं गोष्टीतून सुटून जातात. मुलांना वाटतं, आग आपोआप लागली आणि बाई मोठ्या मनाची होती.

'चेटकीण ठरवून जाळलं' हेही एक वाक्य सगळीकडे आहे. तिच्यावर चेटकाचे आरोप झाले, निकालपत्रात सैतानाला बोलावणारी वगैरे विशेषणंही आहेत. पण कायद्याने तिला आगीत टाकता आलं ते ती 'फिरली' म्हणून. पाखंड, म्हणजे चर्चच्या शिकवणीविरुद्धची मतं, सोडते असं लिहून दिलं आणि पुन्हा त्याकडे वळली म्हणून. हा फरक बारीक वाटेल, पण माझ्या मते सगळी गोष्ट त्यातच आहे. त्याकडे येते.

आधी थोडं मागे जाऊ. म्यूझ नदीकाठचं दोंरेमी गाव. जन्म 1412 च्या सुमाराचा. बाप जाक, चार पैसे राखून असलेला शेतकरी, गावच्या कारभारात ज्याला विचारलं जाई असा. आई इझाबेल. गावात हिला झानेत म्हणत. पुस्तकांत ती नेहमी मेंढरांमागे धावते, पण न्यायालयात तिने स्वतः सांगितलं की ती घरकाम करायची आणि शिवण-कताईत रुआँमधल्या कुठल्याही बाईला हार जाणार नाही. लिहिता-वाचता येत नव्हतं. ती मोठी होईतो इंग्लंड-फ्रान्सच्या युद्धाला नव्वद वर्षं झाली होती. 1420 च्या तहाने फ्रान्सचं राज्य इंग्रज राजाच्या वंशाला लिहून दिलेलं, बर्गंडीचा ड्यूक इंग्रजांना मिळालेला, आणि युवराज चार्ल्स लॉयर नदीच्या दक्षिणेला राज्याभिषेकाविना बसलेला.

तेरा वर्षांची असताना उन्हाळ्यात, दुपारच्या वेळी, बापाच्या परसात तिला पहिल्यांदा आवाज ऐकू आला. तो देवाचा होता की मनाचा, हे मुलांना ठरवून देऊ नका. तिने सांगितलं तेवढं सांगा. पण सगळं सांगा. कारण त्याच जबाबात ती म्हणते की पहिल्या वेळी मी फार घाबरले. हे वाक्य मला एकाही पुस्तिकेत सापडलं नाही.

घरातलंही सांगा. मुलगी शिपायांबरोबर निघून गेली असं स्वप्न बापाला पडलं होतं. तसं होणार असेल तर तुम्ही तिला पाण्यात बुडवा, नाहीतर मी बुडवेन, असं तो तिच्या भावांना म्हणाला होता. हे तिला आईने सांगितलेलं. पण आवाज तिला चार्ल्सच्या मदतीला जा म्हणत होते. ती घरी न सांगता गेली. नात्यातल्या एका माणसाला गळ घालून व्होकुलरच्या किल्लेदाराकडे गेली. त्याने पहिल्यांदा, हिला दोन थोबाडीत देऊन बापाकडे पोचवा, म्हणून हाकललं. ती पुन्हा गेली. जायचं तर आजच, उद्यापेक्षा आज बरं, असं म्हणणारी ही मुलगी त्याच दमात सोबतच्या सरदाराला सांगते की खरं तर मला आईशेजारी बसून सूत काततच राहायला आवडलं असतं, हे माझं काम नव्हे, पण गेलं पाहिजे. गावकऱ्यांनी घोडा घेऊन दिला. पुरुषी कपडे घालून, शत्रूच्या मुलखातून अकरा दिवसांचा प्रवास करून ती चार्ल्सच्या मुक्कामी शिनाँला पोचली. त्याच्या विद्वानांनी तिला प्वातियेला नेऊन तीन आठवडे तपासलं. एकाने विचारलं, तुझे आवाज कुठल्या भाषेत बोलतात? ती म्हणाली, तुमच्यापेक्षा चांगल्या. हे तिच्या तोंडून आलं असं त्या विद्वानानेच पुढे म्हातारपणी शपथेवर सांगितलं आहे. त्याची स्वतःची बोली लिमूझाँ प्रांताची, गावरान वळणाची होती.

आणि मग तिने पत्र लिहवलं. मीही हे खुलं पत्र लिहिते आहे म्हणून असेल, पण ते पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. मार्च 1429. इंग्लंडच्या राजाला आणि फ्रान्समधला त्याचा कारभार पाहणाऱ्या ड्यूक ऑफ बेडफर्डला उद्देशून : फ्रान्समधली जी चांगली शहरं तुम्ही घेतलीत त्यांच्या किल्ल्या द्या. मग थेट शिपायांना : ऑर्लेयाँसमोर बसलेल्या तिरंदाजांनो, आपापल्या देशी जा. अक्षरओळख नसलेल्या सतरा वर्षांच्या पोरीने सांगितलेला मजकूर आहे हा. दोन वर्षांनी तोच कागद तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून वाचला गेला. तेव्हा ती म्हणाली, यात तीन जागी माझे शब्द नाहीत. त्यांतली एक जागा 'मी युद्धाची प्रमुख' ही. ज्या पदवीने आपण तिची गोष्ट सुरू करतो, ती तिने स्वतः मी म्हटलेली नाही असं सांगितलं.

सेनापती ती होती की नव्हती, यावर इतिहासकार वाद घालतात. मला वाटतं, ऑर्लेयाँचा 7 मे 1429 चा दिवस पाहिला की शब्दाची गरज उरत नाही. ऑक्टोबर 1428 पासून शहराला इंग्रजांचा वेढा पडलेला. 29 एप्रिलला ती शहरात शिरली. इंग्रजांना शेवटचं पत्र तिने बाणाला बांधून पाठवलं, 'वाचा, बातमी आहे' असं ओरडून. पलीकडून उत्तर आलं ते शिवीचं, बाईला देतात ती. ती रडली. 7 तारखेला पुलाच्या तोंडावरच्या तुरेल या बुरुजावर हल्ला चालू असताना मान आणि खांदा यांच्या मध्ये बाण लागला. तिच्या धर्मगुरूची साक्ष आहे की ती घाबरली आणि रडली. शिपाई म्हणाले, मंत्राने बरं करतो. तिने नकार दिला. जखमेवर ऑलिव्हचं तेल आणि चरबी लावली आणि ती परत उभी राहिली. संध्याकाळी मुख्य सरदार द्युनुआ माघार घ्यायला निघाला, उद्या पाहू म्हणाला. तिने थोडा वेळ मागितला, एकटी द्राक्षमळ्यात गेली, काही मिनिटं प्रार्थना केली, परत आली आणि झेंडा घेऊन खंदकाच्या काठावर उभी राहिली. बुरुज पडला. दुसऱ्या दिवशी इंग्रजांनी वेढा उठवला. तिला शिवी देणारा त्यांचा नायक पूल कोसळून चिलखतासकट नदीत बुडाला, तेव्हा ती त्याच्यासाठीही रडली.

तलवारीपेक्षा झेंडा चाळीस पटींनी प्रिय, असं ती म्हणे. माणूस मारू नये म्हणून हल्ल्यात झेंडा मीच धरते, आणि मी कधी कुणाला मारलेलं नाही, हेही तिचंच वाक्य. तोफा कुठे लावाव्यात हे तिला फार चांगलं कळे, असं ड्यूक ऑफ आलाँसोंने सांगितलं आहे आणि तो तिच्याबरोबर लढलेला होता. लॉयरकाठच्या मोहिमेत एका फ्रेंच शिपायाने इंग्रज कैद्याचं डोकं फोडलं, तेव्हा ती घोड्यावरून उतरली, धर्मगुरूला बोलावून त्याचं पापनिवेदन करवलं आणि तोवर त्याचं डोकं हातात धरून बसली. ही दृश्यं जर सातवीच्या पुस्तकात आली, तर शौर्य कमी होईल असं तुम्हाला खरंच वाटतं का?

पुढचं भरभर सांगता येतं आणि सगळे सांगतातच. जूनमध्ये पातेचा विजय, 17 जुलै 1429 ला रँसमध्ये चार्ल्सचा राज्याभिषेक, सप्टेंबरमध्ये पॅरिससमोर मांडीत बाण आणि माघार, 23 मे 1430 ला काँपिएन्यला बर्गंडीवाल्यांच्या हाती सापडणं. इंग्रजांनी तिला 10,000 लिव्र देऊन विकत घेतलं. जिच्यामुळे डोक्यावर मुकुट आला, तिच्या सुटकेसाठी राजाने पैसे भरले नाहीत. माझ्या शनिवारच्या मुलांना राग येतो तो इथे, आणि तो येऊ द्यावा.

आता मुख्य मुद्दा. रणांगणावर ती तेरा महिने होती. कैदेत बारा. आपल्या पुस्तिकांत पहिल्याला वीस पानं आणि दुसऱ्याला दोन ओळी. पण तिचे शब्द आपल्याकडे आहेत ते मुख्यतः त्या बारा महिन्यांतले. खटल्याचे लेखनिक रोज सवाल-जवाब टिपून घेत होते. पाच-सहाशे वर्षांपूर्वीची शेतकऱ्याची निरक्षर मुलगी आणि तिची उत्तरं दिवसवार, तारखेनिशी आपल्यापुढे आहेत. अशी किती उदाहरणं जगात असतील?

दृश्य डोळ्यांसमोर आणा. बोव्हेचा बिशप पिएर कोशों मुख्य न्यायाधीश. सोबत इन्क्विझिशनचा, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, अधिकारी. हा शब्द आपल्याला गोव्यामुळे चांगला ठाऊक आहे. बाकावर कित्येक धर्मशास्त्री. वकील नाही. धर्मन्यायालयाची कैदी म्हणजे चर्चच्या कैदेत, बायकांच्या पहाऱ्यात ठेवायला हवी होती. ठेवली किल्ल्यात, पायांत बेड्या घालून, इंग्रज शिपायांच्या पहाऱ्यात. 24 फेब्रुवारीला विचारलं, देवाची कृपा तुझ्यावर आहे हे तुला माहीत आहे का? हो म्हटलं तर अहंकार आणि पाखंड, नाही म्हटलं तर स्वतःच्या तोंडाने पापी. ती म्हणाली, "नसेल तर देव करो, असेल तर देव ती तशीच ठेवो." एका लेखनिकाने सांगितलं आहे की प्रश्न विचारणारे अवाक झाले. आपले आवाज संतांचे आहेत असं ती सांगे. सेंट मायकेल तुला दिसला तेव्हा उघडा होता का, या प्रश्नाला उत्तर : त्याला घालायला देवाकडे कपडे नाहीत असं तुम्हाला वाटतं? सेंट मार्गारेट इंग्रजी बोलते का? ती इंग्रजांच्या बाजूची नाही, मग इंग्रजी का बोलेल?

मी ही उत्तरं मुलांना वाचून दाखवते तेव्हा ती हसतात, आणि ते हसू खरं असतं. त्यानंतर 9 मेचा जबाब वाचते. छळाची हत्यारं तिच्यापुढे मांडली होती. ती म्हणाली, माझे अवयव तोडलेत तरी याहून वेगळं सांगणार नाही, आणि सांगितलंच तर नंतर म्हणेन की तुम्ही जबरदस्तीने वदवलंत. तेव्हा मुलं गप्प होतात.

24 मेला तिला सेंत-वाँच्या दफनभूमीत चौथऱ्यावर उभं केलं. समोर शिक्षेचं वाचन सुरू झालं. जल्लाद गाडी घेऊन उभा. ती खचली. पाखंड सोडते अशा, पुढे केलेल्या कागदावर तिने निशाणी केली. बायकांचे कपडे घातले. केस भादरले. चर्चच्या कैदेत नेतील असं तिला वाटलं होतं, तर बिशपने पुन्हा त्याच किल्ल्यात धाडलं. चार दिवसांनी, 28 मेला, न्यायाधीश कोठडीत गेले तेव्हा ती पुरुषी कपड्यांत होती. का, याबद्दल साक्षी वेगवेगळ्या आहेत, पण त्या शिपायांमध्ये रात्र काढताना गाठी मारून बांधलेली विजार तिला सुरक्षित वाटे, हे अनेकांनी सांगितलं आहे. सातवी-आठवीच्या मुलींना हे समजावून सांगावं लागत नाही. त्या दिवशी तिने सांगितलं की जे कबूल केलं ते आगीच्या भीतीने केलं. आवाज म्हणाले, जीव वाचवायला तू चूक केलीस. लेखनिकाने या उत्तराशेजारी समासात लॅटिनमध्ये दोन शब्द लिहिले : प्राणघातक उत्तर.

म्हणजे पाहा. 24 तारखेला ती भ्याली हे सांगितलंच नाही, तर 28 तारखेला तिने काय केलं हे मुलांना कळणारच नाही. आग काय असते हे माहीत असलेली, चार दिवसांपूर्वी तिच्यापुढे मोडलेली मुलगी, पुन्हा तेच बोलते. तिला हसतमुख करून तुम्ही हा 28 मे पुसून टाकता.

ती 'फ्रान्सची झाशीची राणी' आहे, या वाक्याबद्दलही थोडं लिहिते. माझं राणीवर प्रेम आहे. पण राणी राज्याची मालकीण होती आणि हातात तलवार घेऊन लढता लढता पडली. जोन परक्या शहरात, बेड्या घालून, सत्तर कलमांचं आरोपपत्र ऐकत एकटी बसली होती. दोघींना एका साच्यात घातलं की दोघींचंही नुकसान होतं.

चित्रकारांनाही सांगणं आहे. ती हयात असताना काढलेलं तिचं एकच चित्र टिकलं आहे. पॅरिसच्या न्यायसभेच्या कारकुनाने 10 मे 1429 ला ऑर्लेयाँची बातमी नोंदवहीत टिपताना समासात ते काढलं. लांब केस, झगा, एका हातात झेंडा, दुसरा तलवारीवर. त्याने तिला पाहिलेलंच नव्हतं. तिचे केस तेव्हा कानांवर गोल कापलेले होते आणि अंगात पुरुषांचे कपडे. आपल्या मुखपृष्ठांवर अजून त्या कारकुनाच्या मनातलीच मुलगी असते, वर आणखी गोरी आणि ओठ रंगवलेली. त्या कापलेल्या केसांसाठी आणि कपड्यांसाठी तिचा जीव गेला. निदान ते तरी तिच्या अंगावर राहू द्या.

आणि गोष्ट आगीपाशी थांबवू नका. 7 नोव्हेंबर 1455 ला पॅरिसच्या नोत्र दाममध्ये एक म्हातारी अर्ज घेऊन उभी राहिली. माझ्या धर्मविवाहातून झालेली एक मुलगी होती, अशी त्या अर्जाची सुरुवात. ती इझाबेल, जोनची आई. पोपच्या परवानगीने चौकशी झाली. राजाचाही त्यात स्वार्थ होता, पाखंडी मुलीने मुकुट मिळवून दिला हा डाग त्याला नको होता. पण कारण काहीही असो, साक्षीदार बोलले, 115 जण. आता चाळिशीच्या पुढे गेलेली तिची मैत्रीण ओव्हिएत म्हणाली की ती न सांगता गेली म्हणून मी फार रडले. चर्चची घंटा वाजवणारा म्हणाला, मी वाजवायला विसरलो की ती मला रागवायची आणि वेळेवर वाजव म्हणून काहीबाही द्यायचं कबूल करायची. 7 जुलै 1456 ला रुआँमध्येच जुना निकाल रद्द झाला. आई त्यानंतर दोन वर्षं जगली.

मी फ्रेंच शिकलेले नाही. इंग्रजी भाषांतरावरून तिची उत्तरं आणि गावकऱ्यांच्या साक्षी थोड्याथोड्या मराठीत करत गेले आहे. दोनशे पानी वही जवळपास भरत आली. कुणी फ्रेंच जाणणाऱ्याने ती मुळाशी ताडून द्यावी, एवढीच अट. नवी आवृत्ती काढणाऱ्या कुणालाही ती देते, मोबदला नको. त्या वेशभूषेच्या चार ओळीही आम्ही दोघींनी मिळून पुन्हा लिहिल्या आहेत. शेवटची ओळ त्या मुलीने सुचवली : 'मला आगीची भीती वाटत होती, हे मी कोर्टात सांगितलं आहे.'

आपली,
शनिवारच्या गोष्टींच्या तासाची बाई